सीमेवरचे शिबिर आणि घरची भाकर : हैदराबाद मुक्तिसंग्रामातील एक दुर्लक्षित बाजू (विशेष संदर्भ : परभणी जिल्हा)

हैदराबाद मुक्तिसंग्रामावर विपुल लेखन झाले आहे. जाळलेले करोडगिरी नाके, पोलीस ठाण्यांवरील हल्ले, हुतात्म्यांची चरित्रे यांची नोंद इतिहासकारांनी घेतली. परंतु कृतीसाठी संस्थानात परतण्यापूर्वी स्वयंसेवकांनी सीमेवरील शिबिरांत जो काळ काढला, त्यातील रोजच्या जगण्याचा विचार फारसा झालेला नाही. प्रस्तुत लेखात तत्कालीन परभणी जिल्ह्याच्या अनुषंगाने या बाजूकडे लक्ष वेधले आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला असल्याने हिंगोली, कळमनुरी व वसमत हे तालुके येथे परभणीतच धरले आहेत.

स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्ट १९४७ रोजी भारतात विलीनीकरणासाठी आंदोलन सुरू केले. पुढे स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली आणि लढ्याची सूत्रे संस्थानाबाहेरून हलू लागली. मनमाड, सोलापूर, उमरखेड येथे शिबिरे उभी राहिली. परभणीच्या तरुणांसमोर मुख्यतः दोन वाटा होत्या : १९०० पासून धावणारी मनमाडची मीटरगेज रेल्वे, किंवा पैनगंगा ओलांडून वऱ्हाड. कळमनुरीकडच्या तरुणाला दुसरी वाट जवळची होती.

हे जवळ असणेच त्याच्या मनाला जाचत असावे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेल्या मराठा पलटणींतील शिपायाचे घर समुद्रापार राहिले होते. पण त्याला पगार होता, शिधा होता, घरी पत्र धाडण्याची सरकारी सोय होती. शिबिरातील तरुणाचे घर नदीपलीकडे होते आणि यांपैकी हक्काचे काहीच नव्हते. पत्र टाकावे तर ते निजामाच्याच टपाल खात्यातून घरी पोहोचणार; म्हणजे आपल्या हाताने घरावर पोलीस पाठविण्यासारखे. कनवटीला चार रुपये असलेच तर ते हाली. वऱ्हाडच्या बाजारात चलन होते ते कलदार. साधा चहा घ्यायचा तरी आधी नाणे बदलण्याची अडचण होती.

अन्नाचे तर विशेषच. ज्वारी परभणीची तीच वऱ्हाडची, भाकरही तीच. बदलले होते ते भाकर थापणारे हात आणि जेवणाची वेळ. पंगत सामुदायिक होती. ज्यांच्या घरी पंक्तिभेद पाळला जात होता, त्यांना भुकेपेक्षा शेजारी कोण बसले आहे याचीच अडचण आधी वाटली असेल काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. स्मरणपर लेखनात त्याचे उत्तर सहसा मिळत नाही, आणि हे मौनही बोलके आहे.

आणखी एक विसंगती नोंदवावीशी वाटते. शिंदीची झाडे तोडणे हा आंदोलनाचा एक कार्यक्रम होता. अबकारीचे उत्पन्न बुडावे हा त्यामागील हेतू. परंतु दिवसभर राबणाऱ्या शेतमजुराचा संध्याकाळचा विसावा त्याच झाडाखाली होता. शिबिरात दाखल झालेल्या अशा माणसाला, स्वतःला ज्याची ओढ वाटते तेच तोडण्यासाठी परत जायचे होते. नेत्यांच्या आठवणींत हा पेच येत नाही. त्यांच्या विसाव्याच्या जागा वेगळ्या होत्या.

इकडे घरीही ओढगस्त होतीच. १९४८ मध्ये भारत सरकारने केलेल्या आर्थिक नाकेबंदीमुळे पेट्रोल, औषधे, मीठ यांची संस्थानात टंचाई जाणवू लागली. घरातील कर्ता मुलगा शिबिरात, दारात रझाकारांचे भय आणि मडक्यात मीठ नाही, अशी ती स्थिती होती. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पोलीस कारवाई सुरू झाली आणि १७ सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती पत्करली.

या साऱ्या आठवणी पुसट का झाल्या, याचे एक कारण पुढील काळात सापडते. १९७२ मध्ये केंद्राची स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतन योजना सुरू झाली, १९८० मध्ये तिचा विस्तार झाला आणि पुढे सीमेवरील शिबिरांतील सहभागही ग्राह्य धरण्यात आला. अर्जात शिबिराचे नाव, कालावधी आणि प्रमाणपत्र लागे. किमान सहा महिन्यांचा काळ सिद्ध करणे हे अनेकांच्या दृष्टीने पोटापाण्याचे काम होते. त्यामुळे सैनिक तारखा आणि नावे घोकत राहिले. मुलाखती घेणाऱ्या आपण प्राध्यापकांनीही बहुधा 'कोणत्या शिबिरात होता' एवढेच विचारले. 'तिथे झोपायला काय होते' हे विचारले नाही. आता ते सांगू शकणारी माणसे फारच थोडी उरली आहेत. मात्र त्यांच्या लेकी-सुना अजून गावोगावी आहेत, आणि त्या वर्षी घरात मीठ कोठून आले हे त्यांनी सासूच्या तोंडून ऐकलेले असण्याचा संभव आहे.