मातीची गढी, वतनाचे छप्पर

वाशीम जिल्ह्यातल्या जुन्या गावात शिरताना घरांच्या वर डोके काढलेला मातीचा उंचवटा दिसला, एका कोपऱ्यात बुरुजाचा अर्धामुर्धा तुकडा आणि वर माजलेल्या बाभळी असल्या, की ती गढी असे खुशाल समजावे. इंग्लंडच्या खेड्यात मॅनर हाऊसचे जे स्थान, तेच वऱ्हाडात गढीचे. जमिनीचा वसूल, तंट्याचा निवाडा, धान्याचा साठा आणि परगण्यातल्या किंवा गावातल्या वजनदार घराण्याचा संसार, सगळे एकाच तटाच्या आत. तिकडची अशी घरे अजून नांदती आहेत आणि आपल्या गढ्या ढासळल्या, याचे कारण विचारले तर लोक मातीकडे बोट दाखवतात. मला हा मातीवर अन्याय वाटतो.

गावाचे दोन भाग: पिकवायची ती काळी, राहायची ती पांढरी. वऱ्हाडची काळी जमीन कपाशीला सोन्यासारखी, पण घराला वैरीण. पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पाडते. पांढरीचे तसे नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीची राख, शेण, पडक्या भिंतींचा चुरा मिसळून ती तयार झालेली असते. ती तडकत नाही आणि ओली झाली की घट्ट बसून पाणी खाली उतरू देत नाही. म्हणून गढी बांधणाऱ्याने आयती जुनी पांढरी निवडली, तिच्यावर आणखी भर घातली, चहूबाजूंनी वर निमुळता होत जाणारा तट चढवला. खाली दगड, वर माती नाहीतर वीट. कुटार मिसळून तुडवलेल्या गाऱ्याच्या भिंतींची रुंदी एवढी, की त्यांच्या पोटात धान्याची बळदे बसत.

आत जाण्याची वाट मुद्दाम वाकडी. मोठा दरवाजा, त्यात एका माणसापुरती दिंडी, मागे भिंतीत सरकणारा अडसर, दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या देवड्या. पुढे ढेलज, मग चौक. चौकाभोवती ओसऱ्या, त्यांच्या आड माजघर, आणि जमिनीखाली पेव. छप्पर धाब्याचे: सागाचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडवे किलचन, वर निंबाचा पाला आणि त्यावर कुटून बसवलेला पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात आत शिरावे तर बाहेरचे ऊन विसरायला होते. सूर्यप्रकाश मात्र चौकातूनच यायचा. बाहेरच्या भिंतीला खिडक्या नसत, होत्या त्या बंदुकीच्या जंग्या.

इतकी धास्ती कशाची? अबुल फज्लच्या ‘ऐन-इ-अकबरी’त बासीम, म्हणजे आजचे वाशीम, हे वऱ्हाड सुभ्यातले एक सरकार आहे. त्या काळापासून पुढे देशमुख आणि देशपांडे परगण्याचा वसूल गोळा करून वर पोचवत आणि आपला हक्क कापून घेत. 1724 च्या साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर निजाम वऱ्हाडात घट्ट बसला, पण मराठ्यांचा हिस्साही सुटला नाही. एकाच रयतेकडे दोन धनी हात पसरू लागले. एकाचा कमाविसदार येऊन गेला की दुसऱ्याचे घोडेस्वार येत. 1803 मध्ये अडगाव आणि गाविलगड इथे नागपूरच्या भोसल्यांचा पराभव झाला, वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला आणि पाठोपाठ पेंढाऱ्यांचा सुळसुळाट झाला. धाड आली म्हणजे गाव गुरावासरांसह गढीत शिरे. एरवी वसुलासाठी तिथेच लोकांना उन्हात उभे केले जाई, हेही विसरू नये.

कारंजा लाडला मात्र वेगळीच परी. तिथे वतनदारापेक्षा सावकार मोठा. 1670 मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने हे शहर लुटले आणि लुटीचा माल हजारो बैल-गाढवांवर लादून नेला, यावरून तिथल्या पेठेचा अंदाज येतो. अशा ठिकाणी तट एकेका घराला नाही, सगळ्या शहराला: दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस. व्यापाऱ्याने आपल्या हवेलीत पैसा ओतला तो सागाच्या कोरीव कामात. कस्तुरीच्या हवेलीची कथा कारंजात सांगतात. कोणालाच परवडेना असा कस्तुरीचा माल एका जैन सावकाराने उचलला आणि घराच्या चुन्यात कालवला म्हणे. कथा खरी असो नसो, ती रचणाऱ्याला श्रीमंती कशी मिरवावी हे नेमके ठाऊक होते. इंग्लंडमध्येही हे घडले आहे. लॉरेन्स ऑफ लडलो या लोकरीच्या व्यापाऱ्याने 1291 मध्ये राजाकडून तटबंदीचा परवाना मिळवून स्टोकसेचे घर किल्ल्यासारखे सजवले. आपल्याकडे असा परवाना मागायला कोणी थांबल्याचे दिसत नाही.

आता मातीकडे परत. धाबे दर वर्षी मृगाआधी माती मागते. पन्हळी साफ कराव्या लागतात, तटाचा पाया पावसाने उकरला तर लगेच भरावा लागतो. हे काम होत होते, कारण सुतार-कुंभारांपासून महारांपर्यंत गावचे लोक ते बलुत्यापोटी किंवा सरळ वेठीने करत. गढी उभी होती ती या फुकट हातांवर. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे आले, 1860 नंतर मुंबईच्या धर्तीवर जमिनीची मोजणी झाली, सारा थेट रयतेच्या नावे बसला. देशमुख-देशपांड्यांचे काम संपले, हाती नुसती नक्त नेमणूक उरली. पाटलांचे वतन पुढे बराच काळ चालले, तेही 1962 च्या कायद्याने गेले. मजुरीचे पैसे खिशातून मोजायची वेळ आली तेव्हा चौकाच्या एका बाजूला टिनपत्रे आली, दुसरी बाजू वाटणीत गेली, तिसरी पडू दिली.

पडलेल्या गढीचा साग आधी विकला जातो. कोरीव खांब आणि तोरणे जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांमार्फत मोठ्या शहरांतल्या हॉटेलांत पोचतात. मागे राहते ती माती. जुन्या पांढरीची माती काळ्या शेतात खतासारखी चालते म्हणून ट्रॅक्टरने उचलली जाते. खुद्द वाशीम म्हणजे प्राचीन वाकाटक राजांचे वत्सगुल्म. इथल्या पांढऱ्या किती जुन्या असतील, हे उत्खननानेच कळू शकते. पण त्यासाठी थर जागच्या जागी असावे लागतात, आणि दर उन्हाळ्यात ट्रॉलीमागे ट्रॉली ते शेतांत पसरले जात आहेत.