वैशालीचे काशाचे पात्र

दुसऱ्या धम्मसंगीतीचा इतिहास आपल्या अभ्यासवर्गांतून बहुधा दहा वस्तूंच्या यादीच्या रूपाने सांगितला जातो. शिंगात मीठ साठवून ठेवावे की नाही, सावली दोन बोटे कलल्यावर भोजन करावे की नाही, अशी ती यादी ऐकून श्रोत्यास वाटते की, हा भिक्खूंमधील क्षुल्लक वाद असावा. आमच्या मते यादीतील दहावी वस्तू, म्हणजे सोन्यारुप्याचा स्वीकार, हेच वादाचे मूळ होय. महासांघिकांच्या विनयातही वैशालीच्या प्रसंगात हाच मुद्दा पुढे येतो. चुल्लवग्गाच्या बाराव्या खंधकातील वृत्तांत या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे.

भगवंतांच्या महापरिनिर्वाणास शंभर वर्षे झाली होती. काकंडकपुत्र यस स्थविर वैशालीस आले असता त्यांनी एक दृश्य पाहिले. उपोसथाच्या दिवशी वज्जीपुत्तक भिक्खूंनी काशाचे पात्र पाण्याने भरून संघाच्या मध्यभागी ठेवले होते, आणि संघास वस्तूंची गरज आहे असे सांगून ते उपासकांकडून कार्षापण, अर्धा, पाव, निदान एक मासा तरी मागत होते. यसांनी उपासकांना तेथेच सांगितले की, देऊ नका, शाक्यपुत्रीय श्रमणांस सोनेरुपे कल्पत नाही. तरीही लोकांनी दिले. रात्र सरल्यावर भिक्खूंनी त्या द्रव्याची वाटणी केली आणि यसांपुढे त्यांचाही वाटा ठेवला. त्यांनी तो घेतला नाही.

इतिहासाने वळण घेतले ते या नकारापाशी. वाटा घेतला असता तर यसांचा उपदेश केवळ शब्दांपुरता उरला असता. वज्जीपुत्तकांनाही हे कळले असावे, म्हणूनच त्यांनी यसांवर पटिसारणीय कर्म लादले. श्रद्धावान उपासकांची निंदा करून त्यांची श्रद्धा ढळविल्याचा आरोप ठेवून, उपासकांची क्षमा मागण्याचा दंड त्यांना देण्यात आला. हा आरोप लक्षात घेण्याजोगा आहे. ज्यांनी पैसे वाटून घेतले तेच लोकांच्या श्रद्धेचे रक्षक म्हणून उभे राहिले!

यसांनी दंड नाकारला नाही. विनयाप्रमाणे सोबत एक भिक्खू मागून घेऊन ते नगरात गेले आणि उपासकांसमोर त्यांनी आपली बाजू मांडली. ढग, धुके, धूर-धूळ आणि राहू यांनी चंद्रसूर्य झाकोळतात, तसे मद्यपान, मैथुन, सोन्यारुप्याचा स्वीकार आणि मिथ्या आजीविका यांनी श्रमण झाकोळतो, हे भगवंतांचे वचन त्यांनी समजावून दिले. उपासकांचा निर्णय तत्काळ झाला. यस हेच एकटे खरे शाक्यपुत्रीय श्रमण आहेत, असे म्हणून त्यांनी त्यांस वैशालीतच राहण्याची विनंती केली. आदल्या दिवशी पैसे देणारे लोक हेच होते. ते अडाणी नव्हते. कोणावर विसंबावे हे ठरविण्यास त्यांच्यापुढे तोवर उदाहरणच नव्हते.

पुढे यस कोसंबीस गेले. ग्रंथ म्हणतो की आकाशमार्गे गेले. ते पायी गेले असे मानण्यात आम्हांस अडचण वाटत नाही. तेथून त्यांनी पावेय्यक आणि अवंती-दक्षिणापथातील भिक्खूंकडे दूत पाठविले. सोरेय्यचे रेवत स्थविर बहुश्रुत म्हणून विख्यात होते. त्यांच्या शोधात हे भिक्खू गावोगाव फिरले व सहजाति येथे त्यांची भेट झाली. वज्जीपुत्तकही नौकेतून पात्रे, चीवरे, आसने, सुईघरे घेऊन तेथे पोहोचले. रेवतांनी त्रिचीवर पुरेसे आहे असे सांगून सर्व परत केले. मग त्यांनी रेवतांचा सेवक उत्तर यास गाठले. हा वीस वर्षांचा दीक्षित भिक्खू. त्याने आधी नकार दिला. परंतु आग्रह होताच एक चीवर घेतले, फक्त एक, आणि पूर्वेकडील भिक्खू धम्मवादी आहेत एवढे संघासमोर म्हणावे, अशी गळ गुरूंना घातली. रेवतांनी त्याला त्याच क्षणी दूर केले. वीस वर्षांचा सहवासही त्या ठिकाणी उपयोगी पडला नाही.

वाद जेथे उद्भवला तेथेच मिटवावा, या रेवतांच्या सूचनेनुसार संघ वैशालीस आला. सभेत बडबड वाढली तेव्हा पूर्वेकडील चार व पश्चिमेकडील चार अशा आठ स्थविरांची समिती नेमली गेली. वालिकारामात रेवतांनी एकेक प्रश्न विचारला आणि आनंदांचे शिष्य सब्बकामी यांनी उत्तरे दिली. सब्बकामी स्वतः पूर्वेकडील होते. तरीही दहाही वस्तू त्यांनी विनयविरुद्ध ठरविल्या. आपल्या प्रदेशाचा पक्ष न घेणे हीदेखील सचोटीच, आणि आमच्या मते ती पैसा नाकारण्याहून कठीण आहे.

आपणांस हा वृत्तांत परका नाही. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यास देण्याचे आवाहन केले. ज्यांच्या मिळकतीचा विसावा हिस्सा म्हणजे एखाद्या वेळचे जेवण होते, अशा माणसांना ते उद्देशून होते. विहाराच्या बांधकामासाठी मोलमजुरी करणाऱ्या बायांनी पदराच्या गाठीतून सोडलेला रुपया आम्ही पाहिला आहे. त्या रुपयाचा हिशोब विचारणाऱ्यास धम्मद्रोही म्हणण्याची रीत वज्जीपुत्तकांची आहे, संघाची नव्हे.

मग विहाराने द्रव्याशी संबंधच ठेवू नये काय? नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील १० क्रमांकाच्या विहारात उषवदाताचा, वर्ष ४२ चा, शिलालेख आहे. क्षत्रप नहपानाच्या या जावयाने ३००० कार्षापणांची अक्षयनीवी दिली. पण ती भिक्खूंच्या हाती न देता गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. एका श्रेणीकडे २०००, दरमहा शेकडा एक कार्षापण व्याजाने. दुसरीकडे १०००, पाऊण कार्षापणाने. मूळ रक्कम परत घ्यावयाची नाही, केवळ व्याज वापरावयाचे. २००० चे वार्षिक व्याज २४० होते, आणि लेखात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण सांगितले आहेत. हिशोब तंतोतंत जुळतो. हे दान निगमसभेत वाचून दाखविले गेले, फलकावर नोंदविले गेले, आणि शेवटी विहाराच्या भिंतीवर कोरले गेले. तेथे ते आजही वाचता येते.