तिसरें चाक



मेहरूण तलावाच्या कांठानें मी तीस वर्षें मोटारसायकलीवरून शाळेंत जात-येत होतों. निवृत्तीनंतर डाव्या खुब्याचें हाड मोडलें, आणि गाडी थांबली म्हणजे जो पाय जमिनीवर टेकावयाचा तोच दुबळा झाला. तेव्हां परिवहन कार्यालयाची रीतसर संमति काढून, मागें दोन चाकें असलेली मोटारसायकल घेतली. आतां पडण्याचें भय उरलें नाहीं, अशी माझी समजूत होती. पहिल्याच वळणावर ती खोटी ठरली. त्या निमित्तानें तिसऱ्या चाकाची हकीकत मीं धुंडाळली. तीच आज निवेदन करतों.

मोटारीचा आरंभ तीन चाकांवरच झाला. कार्ल बेंझनें १८८६ सालीं पेटंट घेतलेल्या गाडीस तीनच चाकें होतीं. डाइमलरच्या १८८५ च्या दुचाकीसही तोल सांवरण्यासाठीं बाजूंस दोन लहान चाकें होतीं. आपली रिक्षा मात्र इटलीच्या वंशांतली. विमानें बनविणाऱ्या पियाज्जिओ कारखान्यानें महायुद्धानंतर, १९४६ मध्यें, ‘व्हेस्पा’ म्हणजे गांधीलमाशी ही स्कूटर काढली. १९४८ मध्यें तिचीच मालवाहू तिचाकी बहीण ‘आपे’, म्हणजे मधमाशी, बाहेर पडली. माणसानें माणसाला ओढून न्यावें हें नवलमल फिरोदियांस असह्य होतें; अशा तिचाकीवरून प्रवासी रिक्षाची कल्पना त्यांनीं आपल्याकडे पुढें आणली. बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन, म्हणजेच पुढील बजाज ऑटो, ह्या संस्थेनें १९४८ मध्यें परदेशी दुचाक्या व तिचाक्या येथें विकण्यास आरंभ केला. १९५९ मध्यें तिला त्या देशांत बनविण्याचा परवाना मिळाला.

ह्या रिक्षास मोटारीसारखें गोल चक्र नव्हतें, स्कूटरसारखी मूठ होती. म्हणून दुचाकी येणारास ती सोपी वाटते, आणि फसगत होते ती येथेंच. दुचाकी वळणाच्या आंतील बाजूस झुकते. स्वार नकळत अंगानें तिला वळवितो. तिचाकी झुकत नाहीं. तिला हातांनींच वळवावें लागतें, आणि स्वार बाहेरच्या बाजूस फेंकला जातो. वेग अधिक असेल, किंवा वळणांतच ब्रेक दाबला, तर आंतील मागचें चाक उचललें जातें. शिवाय दुचाकीचा मार्ग एक, हिचे तीन. पुढचें चाक खड्डा चुकवितें तोंच मागचें त्यांत जातें.

मीं संवयीप्रमाणें अंग झुकविलें; गाडी सरळ बाभळींत शिरली.

माझा एक जुना विद्यार्थी रिक्षा चालवितो. तो रोज सकाळीं मजबरोबर येऊं लागला. “गुरुजी, वळणाआधींच वेग कमी करा. अंग राहूं द्या, हात वळवा,” हीं दोन वाक्यें त्यानें दीड महिना, एकदांही आवाज न चढवितां, मला सांगितलीं. मला तीं पहिल्याच दिवशीं समजलीं होतीं. परंतु हातांस समजावयास तितका काळ लागला. ह्याच मुलास, तोच पाढा पुनःपुन्हां चुकतो म्हणून, मीं एकदां वर्गाबाहेर उभें केलें होतें. त्याला तें आठवत असावें. तो तें बोलला नाहीं, आणि मलाही बोलवलें नाहीं.

आतां मी तलावाच्या वळणावर आधींच वेग कमी करतों. ज्यास जुनी संवय सोडून नवें शिकावयाचें आहे, त्याच्या चुका मोजूं नयेत, एवढेंच ह्या तिसऱ्या चाकानें मला साठी उलटल्यावर शिकविलें.