कोटवालिया : बांबूची वीण आणि बांबूचा हक्क

पुरुषोत्तमनगर (ता. शहादा) साखर कारखान्यामुळे ओळखले जाते. त्याच नंदुरबार जिल्ह्यात आणि शेजारच्या दक्षिण गुजरातमध्ये कोटवालिया ही बांबूकाम करणारी आदिवासी जमात राहते. बांबू चिरून पातळ पट्ट्या काढणे, त्यांतून सूप, टोपली, कणगी विणणे ही विद्या घरातच पुढच्या पिढीकडे जाते.

ऑस्ट्रेलियातील आदिवासी विणकर इव्होन कूलमाट्री यांनी १९९७ मध्ये व्हेनिसच्या कलाप्रदर्शनात आपल्या देशाचे प्रतिनिधित्व केले. आपल्याकडे मात्र विणणारे हात कलावंताचे मानले जात नाहीत. श्रमावर जातीचा शिक्का बसला की काय होते, हे आपला समाज जाणतो.

कौतुकाआधी प्रश्न कच्च्या मालाचा आहे. वनहक्क कायदा, २००६ नुसार बांबू गौण वनोपज असून त्यावर वननिवासींचा मालकी हक्क आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) ग्रामसभेने २०११ मध्ये बांबू वाहतूक परवान्याचा अधिकार मिळवून दाखवला. शिवाय गुजरातमध्ये कोटवालिया आदिम जमातींच्या यादीत आहेत, महाराष्ट्रात नाहीत.

म्हणून आम्ही तरुण कार्यकर्त्यांना सांगतो : प्रदर्शन भरवण्याआधी ग्रामसभेत बसा, सामूहिक वनहक्काचा दावा भरायला मदत करा. बांबू हाती राहिला, तरच वीण टिकेल.