सूत, रतल आणि एकशे बासष्ट

आमच्या वऱ्हाडातल्या राजापेठेत घर बांधणारा माणूस आजही सळई सुतातच मागतो. ‘रिंगला दोन सुती, स्लॅबला तीन सुती, कॉलमला चार सुती.’ एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. नकाशे काढण्यात आणि लोखंडाचा अंदाज लावण्यात माझी हयात गेली. या बोलीमागचा हिशेब नव्या पोरांना ठाऊक असावा असं फार वाटतं, म्हणून लिहितो.

आमच्याकडची जुनी घरं मेळघाटच्या सागावर आणि मातीच्या धाब्यावर उभी होती. तिथं लोखंड लागायचं ते खिळ्या-कड्यांपुरतं. आरसीसी आलं आणि लोखंड वजनावर घ्यायची वेळ आली. तेव्हाच्या मिस्त्रींना कोष्टक लागत नसे. सुतांचा वर्ग करा, चोवीसनं भागा, फुटामागचे रतल, म्हणजे पाउंड, मिळाले. चार सुतीचे सोळा भागिले चोवीस, म्हणजे फुटाला दोन तृतीयांश रतल. पोलादाची घनता आणि वर्तुळाचं क्षेत्रफळ दोन्ही त्या चोवीसमध्ये बसलेली आहेत. इतकं नेमकं आणि तोंडी करता येणारं सूत्र मी दुसरं पाहिलं नाही.

1956 साली वजनमापांचा कायदा झाला आणि 1 ऑक्टोबर 1958 पासून दशमान वजनं टप्प्याटप्प्यानं लागू झाली. चोवीसच्या जागी 162 आला: मिलिमीटरचा वर्ग भागिले 162, मीटरमागे किलो. पोलाद घनमीटरला 7850 किलो धरलं की हाच भाजक निघतो.

माप बदललं, पण तोंडातलं सूत गेलं नाही. खरी चार सुती 12.7 मिलिमीटरची, मीटरला जवळपास एक किलो. आज त्या नावानं मिळते ती 12 मिलिमीटरची, 888 ग्रॅमची. दहा टक्क्यांहून जास्त लोखंड कमी. उलट तीन सुती 9.5 ची, तिच्या जागी 10 मिलिमीटरची येते, म्हणजे तिथं दहा टक्के जास्त. जुन्या घरावर मजला चढवताना जुना कॉलम फोडून सळई मोजावी लागते ती यासाठी. नावावरून वजन धरू नये.

पुढे पिळाची टॉर सळई आली, मग टीएमटी. जालन्याच्या गिरण्यांचा माल ट्रकनं वऱ्हाडात उतरू लागला. सळईची ताकद वाढली, 162 मात्र तोच राहिला. या सळईला कंगोरे असतात, त्यामुळे व्हर्नियर लावून जाडी नीट कळत नाही. भारतीय मानक 1786 सुद्धा जाडी ठरवतं ती वजनावरूनच.

म्हणून माल दारात आला की धर्मकाट्याच्या पावतीवर थांबू नका. ट्रकमध्ये किती लोखंड आहे एवढंच ती सांगते. 12 मिलिमीटरच्या सळईचा बरोबर एक मीटर तुकडा कापा, दोन्ही टोकं काटकोनात घासा आणि किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा. मानकाप्रमाणे सुट्या नमुन्यात 6 टक्क्यांपर्यंत घट चालते. 835 ग्रॅमच्या खाली भरला तर आणखी दोन-तीन सळयांचे तुकडे त्याच काट्यावर घाला, आणि तेही कमी भरले तर गाडी रिकामी करू देऊ नका.