मुंबई ते पणजी : दोन बेटांमधली आगबोट



आपल्या या समूहात अधूनमधून मुंबई-गोवा प्रवासाचा विषय निघतो. दाबोळीला उतरावं की मोपाला, कुठून टॅक्सी स्वस्त पडते, यावर भरपूर लिहिलं जातं. आमच्या पिढीला मात्र मुंबई म्हटलं की आधी बोट आठवते. त्या बोटीविषयी आज थोडं सविस्तर लिहितो. मी कॉमर्सचा पदवीधर, आयुष्य बँकेत गेलं. त्यामुळे नुसत्या आठवणी सांगून भागत नाही, जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू मांडाव्या लागतात. लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी भूगोल. मुंबई सात बेटांची हे सगळ्यांना माहीत आहे. पण पणजीही बेटावरच आहे, हे गोव्याबाहेरच्या मंडळींच्या सहसा लक्षात येत नाही. आमच्या तिसवाडीला एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला झुआरी, आणि पाठीमागे या दोघींना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा. पोर्तुगीज या महालाला 'इल्हास' म्हणत, म्हणजे बेटं. तेव्हा भाऊच्या धक्क्यावर बोटीत बसायचं आणि पणजीच्या धक्क्यावर उतरायचं, म्हणजे एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायचं.

ही वाहतूक फार जुनी. कोकणात आगबोटी आल्या त्या एकोणिसाव्या शतकात. लोक 'शेफर्डची बोट' म्हणायचे, आणि पुढे बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचं नाव घरोघरी झालं. स्वदेशीच्या काळात आपल्या लोकांनी वर्गणी काढून, भाग विकून स्वतःची कंपनी उभी केली. तिला लोक प्रेमाने 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. कंपनीच्या नावात 'माझी' असणं म्हणजे काय, हे भागभांडवलाचा व्यवहार केलेल्या माणसाला चटकन कळेल.

आपल्या ग्वाल्हेरच्या सभासदांसाठी एक गोष्ट सांगतो. १९१९ साली वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि इतरांनी जी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली, तिचं नाव तुमच्या शिंदे घराण्यावरून आलं. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या महाराजांकडे 'लॉयल्टी' नावाचं इस्पितळाचं जहाज होतं. तेच या कंपनीने विकत घेतलं. ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून इंग्लंडला निघालं, म्हणून ५ एप्रिल हा आपला राष्ट्रीय सागरी दिन. पुढे बॉम्बे स्टीम कंपनीही सिंदियाच्या हाती आली. म्हणजे समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या ग्वाल्हेरचं नाव कोकणच्या बोटींशी जोडलं गेलं. योगायोग असा की मुंबईत गोवा हिंदू असोसिएशनही १९१९ चीच. बोटीने गेलेली आमची माणसं तिथे स्थिरावली होती, एकमेकांना धरून होती, त्याचीच ही खूण.

आता विमान गोव्यात कसं आलं ते पाहा. १९५५ साली सत्याग्रहींवर गोळीबार झाला, सीमा बंद झाली, रेल्वे थांबली, मुंबईशी नेहमीची ये-जा तुटली. त्याच सुमारास पोर्तुगीजांनी दाबोळीचा विमानतळ आणि स्वतःची विमानसेवा सुरू केली. ती विमानं दमण, दीव आणि कराचीला जात. शेजारच्या मुंबईला जाता येत नव्हतं, कराचीला येत होतं! म्हणजे आमच्याकडे विमान आलं ते नाकेबंदीच्या पोटी. माझी आत्या गिरगावात दिलेली. मी पाच वर्षांचा होतो तेव्हापासून ती माहेरी आली नव्हती. पत्रं यायची, तीही उशिरा. आजी दर गणपतीला तिच्या वाटणीच्या पातोळ्या काढून ठेवायची आणि संध्याकाळी आम्हा पोरांना वाटून टाकायची.

नोव्हेंबर १९६१ मध्ये कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून पोर्तुगीज सैनिकांनी 'साबरमती' या प्रवासी बोटीवर गोळ्या झाडल्या. पुढच्याच महिन्यात, १९ डिसेंबरला, गोवा मुक्त झाला. मुक्तीच्या कारणांमध्ये एका साध्या प्रवासी बोटीचंही नाव आहे, हे विसरू नये. मुंबईची बोट परत सुरू झाली तशी आत्या आली. धक्क्यावर आजीने तिला ओळखलं, पण तिच्याबरोबरच्या दोन मुलांना ओळखायचा प्रश्नच नव्हता. आजीने ती दोन्ही नातवंडं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

मुक्तीनंतरच्या दोन बोटी आमच्या पिढीच्या तोंडपाठ : 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती'. चौगुल्यांच्या कंपनीने त्या चालवल्या, पुढे मोगल लाइन या सरकारी कंपनीकडे गेल्या. मी सत्तरच्या दशकात मुंबईत नोकरीला होतो, तेव्हा यांच्यावरूनच ये-जा. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून निघायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी पणजी. सुमारे सव्वादोनशे सागरी मैल. केबिन साहेबलोकांना. आम्ही डेकवाले. आधी पोचून सतरंजी पसरली की तेवढी जागा आपली. बाजूला वेंगुर्ल्याचा गिरणी कामगार, पलीकडे धोबीतलावच्या 'कुडी'त राहणारा सासष्टीचा खलाशी, आणि कोपऱ्यात गिटार घेतलेले हिप्पी. रात्री गाणी, भजनं, पत्ते. ज्याला बोट लागायची तो लिंबू हुंगत आडवा. पहाटे आग्वादचा दिवा दिसला की सगळे वळकट्या बांधायला उठायचे.

दुसरे मार्गही होते. रेल्वेने लोंढा, बेळगाव करत मिरजेला जायचं आणि तिथे गाडी बदलायची. एसटी होती, पण घाट आणि खाड्या. विमानाला जेमतेम तास लागायचा. एकदा वडिलांना बरं नव्हतं म्हणून मी विमानाने आलो. तेव्हा झुआरीवर पूल नव्हता, तो १९८३ चा. दाबोळीला उतरून कुठ्ठाळीला यायचं आणि फेरीबोटीने आगशीला पार व्हायचं. विमानातून उतरलेले सूटबूटवाले आणि मासळीच्या पाटल्या घेतलेल्या बायका त्या फेरीत खांद्याला खांदा लावून उभे होते. बेटावर यायला शेवटी पाणी ओलांडावंच लागलं. पण विमानाला नावं ठेवत नाही. वडील शुद्धीवर असताना मी पोचलो, बोटीने पोचलो नसतो. पावसाळाच होता, बोट बंद होती.

इथे नावे बाजू सुरू होते. पावसाळ्याचे जवळजवळ चार महिने ही बोट बंद. त्या काळातही पगार, व्याज, डागडुजी, घसारा हे खर्च थांबत नाहीत. आठ महिन्यांच्या उत्पन्नावर बारा महिने काढायचे. आणि समुद्राचा धोका खराच आहे. १७ जुलै १९४७ ला, ऐन पावसात, 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. आमच्या लहानपणी कोणी पावसात होडीत बसायचं म्हटलं की म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी 'रामदास'चं नाव यायचं. तेव्हा बोटीच्या आठवणी गोड करून सांगताना हेही सांगितलं पाहिजे.

आता जमा बाजू. विमान दोन शहरं जोडतं. बोट अख्खा किनारा जोडत होती. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले. प्रत्येक बोट प्रत्येक ठिकाणी थांबत नसे, पण ही बंदरं बोटीच्या वेळापत्रकात होती. बोट खोल पाण्यात उभी राहायची, किनाऱ्यावरून पडाव यायचे. त्यात ट्रंका, आंब्याच्या पेट्या, बाळंतीण लेकी, म्हातारे सासरे सगळे चढवले-उतरवले जायचे. वल्हवणारे, हमाल, धक्क्यावरचे चहावाले, खानावळी, गाडीवाले, सगळ्यांचं पोट त्या एका भोंग्यावर. चाकरमान्याची मनीऑर्डर पोस्टाने यायची, पण चाकरमानी स्वतः बोटीने यायचा.

मग बोट का बंद पडली? लोक म्हणतात विमानामुळे, कोणी म्हणतं कोकण रेल्वेमुळे. तारखा पाहिल्या की हे जुळत नाही. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ च्या जानेवारीत, आणि जुनी बोटसेवा ऐंशीच्या दशकाच्या अखेरीसच संपली होती. माझ्या मते ती दोन्ही टोकांनी कुरतडली गेली. खाड्यांवर पूल झाले, एसटी थेट गावात शिरली, तेव्हा मधल्या बंदरांचे उतारू गेले. वरच्या वर्गाचे उतारू विमानाने नेले. उरले मुंबई-पणजी डेकवाले. त्यांच्या तिकिटातून जहाजाचा खर्च निघणं कठीणच. ताळेबंदात तोटा दिसला. पण पडाववाल्याचं पोट, बंदराची बाजारपेठ, म्हातारीचा माहेरचा रस्ता हे कंपनीच्या ताळेबंदात कधी नव्हतंच. ज्या वहीत ते लिहायला हवं होतं ती वही सरकारची होती, आणि तिथे कोणी ते लिहिलं नाही.

नंतर प्रयत्न झाले. नव्वदच्या दशकात वेगवान कॅटामरान आली आणि गेली. २०१८ मध्ये 'आंग्रिया' आली, पोहण्याच्या तलावासकट. हौसेला छान. पण त्या बोटी मधल्या बंदरांसाठी नव्हत्या. आंग्रियाचं भाडं हे हॉटेलचं भाडं होतं, वाहतुकीचं नव्हे. जुन्या बोटीची जागा त्यांनी घेतली नाही.

दुसरी पद्धत आपल्या देशात चालू आहेच. लक्षद्वीपला विमानतळ एकच, अगत्ती बेटावर. बाकी बेटांची माणसं आजही कोचीच्या जहाजांवर अवलंबून आहेत, आणि ती जहाजं सरकार चालवतं, कारण तो तिथला रस्ता आहे. आमच्या रायबंदरहून चोडणला, जुन्या गोव्याहून दिवाडीला फेरीबोट जाते. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. रस्त्यावर चालायला कोणी तिकीट मागतं का, तसंच. मुंबईहून मांडव्याला २०२० पासून गाड्या नेणारी रो-रो चालते आणि लोक ती वापरतात. म्हणजे लोकांना बोट नको आहे, असं मुळीच नाही.

माझं म्हणणं एवढंच. किनाऱ्यावरच्या बोटीचा विषय पुन्हा निघेल तेव्हा पहिला प्रश्न 'किती तासांत पोचते' हा नसावा. तासाच्या हिशेबात विमान जिंकणारच. प्रश्न असा हवा : मध्ये कुठे कुठे थांबते, आणि डेकचं तिकीट किती? ती देवगड-मालवणला थांबणार नसेल तर तिला फार तर सहल म्हणावं.

एक विनंती. तुमच्या घरातल्या जुन्या ट्रंकेत बोटीचं तिकीट, पावती, धक्क्यावरचा फोटो असेल तर इथे टाका. ज्यांचे आजोबा पडावावर तांडेल होते, धक्क्यावर हमाल होते, खानावळ चालवत होते, त्यांनी आवर्जून लिहावं. कंपन्यांची नावं कागदोपत्री सापडतात. या माणसांची नावं फक्त आपल्या घरांतच उरली आहेत, आणि आमच्या वयाची माणसं आता फार नाहीत.