जोडभिंगाचा दावा

देवळातील झुंबराच्या लोलकावर ऊन पडले की भिंतीवर सप्तरंग उमटतात. मुलांना हर्ष देणारी ही रंगांची फाकणी आकाशनिरीक्षकांस मात्र शे-दीडशे वर्षे वैरीण वाटत होती. भिंगाची कड म्हणजे एक प्रकारचा लोलकच. निळा किरण जवळ एकवटतो, तांबडा दूर. म्हणून दुर्बिणीत ताऱ्याभोवती रंगीत झालर दिसे. ती कमी व्हावी म्हणून दुर्बिणी लांब करीत गेले. डान्झिगच्या हेवेलियसची एक दुर्बीण सुमारे दीडशे फूट लांब होती. भिंगाचा हा दोष जाणारच नाही, असा न्यूटनचा ग्रह झाला आणि त्याने १६६८ साली आरशाची दुर्बीण केली.

न्यूटनसारख्याचे मत खोटे ठरविणारा गृहस्थ व्यवसायाने ज्योतिर्विद नव्हता. चेस्टर मूर हॉल हा आमच्याच पेशाचा, इंग्लंडातील एक वकील. क्राउन काच रंग कमी फाकविते, फ्लिंट काच अधिक. एकीचे बहिर्गोल व दुसरीचे अंतर्गोल भिंग जोडले, तर रंग पुष्कळसे एकत्र येतात आणि किरण तरीही वळतात, हे त्याने ताडले. १७३३ च्या सुमारास त्याने असे जोडभिंग करविले. गुपित फुटू नये म्हणून दोन भिंगांचे काम दोन निरनिराळ्या कारागिरांकडे दिले. पण त्या दोघांनीही ते जॉर्ज बास या एकाच घासणाऱ्याकडे सोपविले, अशी हकीकत सांगतात. हॉलने मात्र आपल्या शोधाविषयी काहीच प्रसिद्ध केले नाही.

पुढे जॉन डॉलंड या मूळच्या रेशीम विणकराने प्रयोगांती तेच भिंग सिद्ध केले. १७५८ साली त्यास पेटंट मिळाले आणि रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदकही. १७६१ साली तो वारला. त्याचा मुलगा पीटर याने पेटंटाचा अंमल कसोशीने सुरू केला, तेव्हा लंडनच्या चष्मेवाल्यांनी १७६४ साली ते रद्द व्हावे म्हणून अर्ज केला. १७६६ च्या दाव्यात शोध हॉलचा आहे, हा बचाव पुढे आला. न्यायासनाने तो मानला नाही. शोध खणात कुलूपबंद ठेवणाऱ्यास नव्हे, तर तो लोकांपुढे आणणाऱ्यास पेटंटाचा लाभ मिळावा, असा त्या निर्णयाचा आशय होता.

हा न्याय आम्हांस मान्य आहे. पण तो अर्धाच आहे, असेही वाटते. हॉलच्या खणाला कुलूप होते, तसे पीटरच्या पेटंटासही होते. फरक इतकाच की पेटंटाच्या कुलपाला चौदा वर्षांची मुदत होती. शोध उघड करावा, काही काळ त्याचे फळ भोगावे आणि मग तो सर्वांच्या स्वाधीन करावा, हा पेटंटामागील करार होय.

या जुन्या दाव्याची आठवण होण्यास कारण आहे. आज काचेच्या जाड भिंगाऐवजी सपाट चकती आकाशाकडे लावण्याचे प्रयोग चालू आहेत. हार्वर्डच्या संशोधकांनी २०२४ साली दहा सेंटिमीटर व्यासाच्या काचेवर सुमारे १८७० कोटी अतिसूक्ष्म खांब कोरून सूर्य-चंद्राची छायाचित्रे घेतली. खांब कोरण्याचे तंत्र संगणकाच्या चिप घडविण्याचेच होते. पण ते भिंग एकाच रंगासाठी आखलेले. रंगांचे जुने दुखणे सपाट भिंगातही आहे, नव्हे, अधिकच तीव्र आहे. २०२५ साली यूटा विद्यापीठातील संशोधकांनी सूक्ष्म वलयांच्या तितक्याच व्यासाच्या सपाट भिंगातून सूर्य-चंद्राची रंगीत छायाचित्रे घेतली.

मोठे भिंग जड, म्हणून नळी जड आणि तिवईही जड. हौशी निरीक्षकाची अर्धी शक्ती हे ओझे गच्चीवर नेण्यातच खर्च होते. सपाट भिंगाने ते ओझे हलके होऊ शकेल. पण चिपेच्या कारखान्यात घडणारी वस्तू कोणी हौशी माणूस घरी घासून करू शकणार नाही. ती त्याच्या हाती कोणत्या किमतीस आणि कोणत्या अटींवर येते, यावरच तिचे मोल ठरेल. हॉलसारख्या एका हौशी वकिलाने सोडविलेले कोडे हौशी लोकांपर्यंत पोचण्यास दोन कुलपे उघडावी लागली होती. या खेपेस ती वेळेवर उघडोत, एवढीच आमची इच्छा आहे.